विश्लेषण : मुलांच्या अंगठ्याचे नख मांसात का रुतते? घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे?

शाळेतून आलेला मुलगा बूट काढताना ओठ दाबतो. मोजा हळूहळू, सोलल्यासारखा उतरवतो. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. चार दिवसांनी मोज्याच्या टोकाला पिवळसर डाग दिसतो, तेव्हा कुठे घरच्यांचे लक्ष अंगठ्याकडे जाते. तोवर नखाशेजारचे मांस लाल होऊन फुगलेले असते आणि रात्री चादर नुसती टेकली तरी पोर कळवळते. पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतणे हा आजार किरकोळ समजला जातो. प्रत्यक्षात तो महिनोन् महिने चिघळतो, प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स होतात, खेळ सुटतो आणि शेवटी अख्खे नख उपटण्यापर्यंत गोष्ट जाते. यातले बरेचसे टाळता येते. बहुतेक वेळा सुरुवात घरच्या नेलकटरपासून होते आणि दुखणे वाढते तेही त्याच नेलकटरने ‘रुतलेला कोपरा काढून टाकू’ म्हणून केलेल्या प्रयत्नामुळे.

नख रुतते म्हणजे नेमके काय होते?

नखाचे मूळ दिसत नाही. ते बोटाच्या मागच्या बाजूला त्वचेखाली असते. तिथे तयार झालेले नख पुढे सरकत राहते. दोन्ही बाजूंना त्वचेची घडी असते आणि त्या खाचेतून नख पुढे जाते, टेबलाचा खण आपल्या खाचेतून सरकतो तसे. खाच मोकळी आणि नखाची कड गुळगुळीत असेल तर आयुष्यभर काही कळतही नाही. पण कडेला टोक राहिले, किंवा बाजूचे मांस बुटाने नखावर दाबले गेले, तर पुढे सरकणारे टोक मांसात घुसते.

शरीराच्या लेखी ते टोक म्हणजे बाहेरून घुसलेला काटाच. काटा रुतल्यावर होते तेच इथे होते. जागा लाल होते, सुजते, ठसठसते. फरक इतकाच की काटा एकदा घुसून थांबतो, नख रोज थोडे थोडे आत जात राहते. सूज आली की मांस नखावर आणखी दाबले जाते आणि टोक अधिक रुतते. फाटलेल्या त्वचेतून जंतू शिरले की पू होतो. त्यानंतरही टोक तिथेच राहिले तर जखमेवर लालभडक, ओलसर मांस वाढते. त्याला जरा धक्का लागला तरी रक्त येते. लालसर सूज, मग पू आणि मग वाढलेले मांस अशा तीन पायऱ्या हाइफेट्झ या डॉक्टरांनी १९३७ मध्ये मांडल्या. उपचार ठरवताना डॉक्टर आजही त्यांचा आधार घेतात. पालकांसाठी या पायऱ्यांचा अर्थ सोपा आहे : पहिल्या पायरीवरचा अंगठा बहुधा घरीच बरा होतो, तिसऱ्या पायरीवरचा घरी बरा होण्याची शक्यता फार कमी.

अनेक घरांत याला सरसकट नखुरडे म्हणतात. दोन्हींत गल्लत होऊ नये. नखुरडे बहुधा हाताच्या बोटांना होते. नखे कुरतडल्याने किंवा नखाशेजारची साल ओढल्याने जंतू शिरतात आणि नखाभोवती पू साचतो. तिथे नख आत घुसलेले नसते. पायाच्या अंगठ्यात मात्र मूळ कारण नखाचे टोक असते. पू हा नंतर आलेला पाहुणा. म्हणूनच नुसत्या पुवावर औषध घेऊन अंगठा कायमचा बरा होत नाही.

रविवारची नखे आणि जूनमधले बूट

शाळेत हाताची नखे तपासली जातात, म्हणून घरोघरी आठवड्यातून एकदा नखे काढण्याचा कार्यक्रम असतो. हाताची झाली की त्याच बैठकीत पायाचीही उरकली जातात. इथेच चूक होते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम त्याच्या निम्मे. आठवडाभरात पायाच्या नखाला कापण्यासारखे फारसे काही नसतेच. तरीही कापायचे म्हटले की नेलकटर आत आत जाते आणि हाताच्या नखासारखा गोलाकार देण्याच्या नादात कोपरे खोलवर कापले जातात. कोपरा तिरका कापताना आतल्या बाजूला नखाचा एक अणकुचीदार कण उरतो. तो बाहेरून दिसत नाही. नख पुढे सरकू लागले की हाच कण भाल्यासारखा मांसात जातो. म्हणून दुखणे नखे काढल्यानंतर लगेच नव्हे, दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

पायाची नखे तीन-चार आठवड्यांतून एकदा काढली तरी पुरे. ती सरळ रेषेत कापावीत, बोटाच्या टोकाइतकी लांबी ठेवावी आणि दोन्ही कोपरे त्वचेच्या वर मोकळे दिसले पाहिजेत. कोपरा टोचत असेल तर कानशीने नुसता बोथट करावा, कापू नये. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, असे जुनी माणसे सांगत. त्यामागचा शकुन-अपशकुन बाजूला ठेवला तरी अपुऱ्या उजेडात, चुळबुळ करणाऱ्या मुलाची नखे कापू नयेत, एवढा व्यवहार त्यातून घेण्यासारखा आहे. काही मुले नखे कापतच नाहीत, टीव्ही पाहता पाहता पायाचे नख बोटांनी ओढून फाडतात. फाटलेले नख नेमके कोपऱ्यात तिरके तुटते. वारंवार नख रुतणाऱ्या मुलांना ही सवय आहे का, हे आधी पाहावे.

दुसरे कारण पादत्राणांचे. जूनमध्ये शाळा सुरू होताना घेतलेले बूट मार्चपर्यंत पुरवायचे, हा मध्यमवर्गीय हिशेब आहे. वाढत्या वयात पाय तेवढे थांबत नाहीत. दिवाळीनंतर बूट पुढून आवळू लागतात, पण वरून नवेच दिसतात. मुले तक्रार करत नाहीत, कारण बूट हळूहळू घट्ट होतात आणि पायाला त्याची सवय होते. दर दोन-तीन महिन्यांनी मुलाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवावी आणि तो आकार कापून बुटात सरकवून पाहावा. कागद दुमडला तर बूट लहान झाला आहे. सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. पुढून निमुळत्या बुटापेक्षा रुंद बूट चांगला. मोजेही याच हिशेबात धरावेत. तोकडा मोजा दिवसभर बोटे मागे खेचून ठेवतो.

पावसाळ्यात आणखी भर पडते. भिजलेले बूट सकाळी तसेच ओलसर घातले जातात, दिवसभर पाण्यात राहिलेली त्वचा पांढरी आणि मऊ पडते आणि अशा त्वचेत नख सहज घुसते. पौगंडावस्थेत पायांना घाम जास्त येतो, तेव्हाही हेच घडते. नख रुतण्याचे प्रमाण या वयात वाढण्याचे ते एक कारण मानले जाते. पावसाळ्यात बुटांचे दोन जोड परवडत नसतील तर रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत आणि शाळेत चालत असेल तर पुढून उघडी सँडल घालू द्यावी.

खेळणाऱ्या मुलांचे गणित वेगळे असते. फुटबॉलचे बूट पायाला चिकटून बसावेत म्हणून मुद्दाम लहान घेतले जातात आणि चेंडूला लाथ मारताना सगळा भार अंगठ्याच्या नखावर येतो. अनवाणी खो-खो, कबड्डी खेळताना लागलेली ठेच नख उचकटते, मग नवे नख वाकडे येते. काही घराण्यांत नखाचा आकारच कमानीसारखा असतो. वडिलांचे नख रुतत असे आणि मुलाचेही रुतते, हा योगायोग नसतो.

एक कारण पालकांना सहसा ठाऊक नसते. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या गोळ्यांमुळे नखाशेजारची त्वचा नाजूक होते आणि तिथे लाल मांस वाढू शकते. अशा गोळ्या सुरू असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे अंगठे एकाएकी दुखू लागले, तर गोळ्या देणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना ते सांगायला हवे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत घाई नको

नवजात बाळाची पायाची नखे पातळ, मऊ आणि थोडी चमच्यासारखी खोलगट असतात. पुढचे आणि बाजूचे मांस फुगीर असते. त्यामुळे नख मांसात बुडाल्यासारखे दिसते. बाळ रडत नसेल, लाली नसेल, तर हा आजार नव्हे. नख वाढून कडक झाले की बहुतेक बाळांत हे आपोआप सरळ होते. त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. तेल लावताना बोटाच्या टोकाचे मांस नखापासून हलकेच खाली आणि बाजूला सारले तर मदत होते. घट्ट पायमोजे आणि पाय झाकणारे तोकडे झबले टाळावे. पायाची नखे सारखी काढू नयेत.

बाळाचे बोट लाल होऊन सुजले असेल, बाळ सतत रडत असेल, तर मात्र नखाच्या आधी एक गोष्ट तपासावी : बोटाच्या बुडाशी केस किंवा मोज्याचा धागा गुंडाळला गेला आहे का? बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, ते मोज्यात किंवा दुपट्यात अडकतात आणि बाळाच्या बोटाला फास बसतो. केस इतका बारीक असतो की सुजलेल्या त्वचेत दिसेनासा होतो. बोटावर वळ उमटलेला आणि त्यापुढचा भाग सुजलेला दिसला, तर तो फास असू शकतो. रक्तपुरवठा थांबून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. हे दुखणे सकाळपर्यंत थांबण्याचे नाही, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

पहिल्या आठवड्यात घरी काय करता येईल?

फक्त लाली आणि दुखणे असेल, पू नसेल, तर घरचा उपचार करून पाहायला हरकत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवावा. चिमूटभर मीठ घातले तरी चालते. पाणी कोपराने तपासावे. नंतर बोट कोरडे करून सुजलेले मांस नखापासून दूर, बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने सारावे. कळ आली तर थांबावे.

मोठ्या, समजूतदार मुलात पुढची पायरी करता येते. कापसाचा तंतूसारखा बारीक पीळ करून तो नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायचा. दात साफ करण्याच्या दोऱ्याचा तुकडाही चालतो. नख किंचित उचलले जाते आणि मांसाऐवजी कापसावरून पुढे सरकते. कापूस रोज बदलायचा. नखाचे टोक मांसाच्या पुढे येईपर्यंत हे चालू ठेवावे लागते आणि पायाचे नख किती सावकाश वाढते हे वर आलेच आहे. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. चार दिवसांत बरे वाटले म्हणून कापूस काढला की दुखणे परत येते. हा उपाय फसतो तो बहुधा इथेच.

कापूस सरकवू देत नसेल तर चिकटपट्टीचा उपाय आहे. मेडिकल टेपचे एक टोक सुजलेल्या मांसावर, अगदी नखालगत लावायचे, मांस नखापासून ओढले जाईल असा ताण देत पट्टी तिरकी बोटाच्या खालच्या बाजूस न्यायची. बोटाभोवती पूर्ण वेढा घालून करकचून बांधायची नाही, रक्तपुरवठा अडतो. घामाने पट्टी सुटते, म्हणून रोज नवी लावावी. तोवर उघडी चप्पल आणि खेळाला सुटी. दुखणे जास्त असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

लिंबू, ब्लेड आणि ‘व्ही’

बोट पिकले की लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून ठेवायचे, हा घरोघरचा उपाय. काही जण चुना-हळद भरतात. लिंबाने टोचणारे टोक निघत नाही, जखम मात्र चरचरते. चुन्याने तर त्वचा भाजते. त्याहून धोक्याचे म्हणजे ब्लेडने, सुईने किंवा टोकदार कात्रीने कोपरा खोदून काढणे. गंमत अशी की त्यानंतर दोन-चार दिवस खरोखर बरे वाटते, कारण टोचणारा भाग गेलेला असतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत मांस वर येते आणि मागून येणारे नख थेट त्यावर आदळते. पुढच्या खेपेला आणखी खोल कापावे लागते. महिना-दीड महिन्यात दुखणे परत येते असे सांगणाऱ्या अनेक घरांत हेच चक्र चालू असते.

नखाच्या मधोमध ‘व्ही’ आकाराची खाच कापली की कडा आत ओढल्या जातात, हा समजही जुना आहे. नख पुढच्या टोकाला जिवंत नसते, ते मुळापासून वाढते. टोकाला कोणताही आकार कापला तरी कडांना त्याचा पत्ता लागत नाही.

औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मलमांबाबतही सावध राहावे. सर्वांवर एकच म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असते. वाढलेले मांस कमी करायला डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी. पू असलेल्या जखमेवर ते आपल्या मनाने लावत राहणे म्हणजे जंतूंना मोकळे रान देणे.

डॉक्टरांकडे गेल्यावर कोणता प्रश्न विचारावा?

पू दिसला, लाल मांस वाढले, किंवा दोन आठवडे नीट घरचा उपचार करूनही फरक नसेल तर थांबू नये. ताप आला, लाली अंगठा सोडून पावलावर पसरली, वर जाणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी दाखवावे. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या मुलांना घरच्या प्रयोगात वेळ घालवण्याची मुभा नाही. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही पाहावे. सरकारी लसीकरण वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची मात्रा असते आणि नेमकी हीच मात्रा अनेकांची राहून जाते.

पायांच्या आजारांचे वेगळे तज्ज्ञ आपल्याकडे सहज सापडत नाहीत. त्यामुळे फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन यांच्याकडेच जावे लागते. लहान मुलासाठी बालशल्यचिकित्सक उत्तम. नख वर उचलले गेले असेल आणि खाली कडक गाठ लागत असेल, तर डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. किशोरवयात नखाखाली हाडाची छोटी वाढ होऊ शकते आणि ती नख रुतल्यासारखीच दुखते.

प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला, आराम पडला, गोळ्या संपल्यावर पुन्हा ठणका लागला, असे झाले असेल तर दुसरा कोर्स मागण्याऐवजी टोचणारे टोक कसे काढणार, हे विचारावे. पसरणाऱ्या संसर्गाला प्रतिजैविके लागतातच. पण मांसात रुतलेले नख त्याने विरघळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : पूर्ण नख काढणार की फक्त कडेची पट्टी? अख्खे नख उपटून काढण्याची पद्धत अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते. त्याने तात्पुरती सुटका होते. मूळ तसेच राहत असल्याने नवे नख त्याच वाटेने येते. ते पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि दरम्यान नखाचा आधार गेल्याने बोटाच्या टोकाचे मांस वर उचलले जाते. नवे नख त्यालाच धडकते. नख दोनदा, तीनदा उपटूनही त्रास न गेलेली मुले दिसतात ती यामुळे.

त्याऐवजी रुतलेल्या कडेची अरुंद उभी पट्टी मुळापर्यंत काढतात आणि तेवढ्याच भागाच्या मुळाला फिनॉल हे रसायन काही मिनिटे लावतात. तेवढे मूळ निकामी होते आणि त्या कडेला नख पुन्हा येत नाही. उरलेले नख जागेवर राहते, फक्त थोडे अरुंद दिसते. ही पद्धत १९४५ पासून वापरात आहे. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये २४ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत प्रौढ रुग्णही होते. नख पुन्हा रुतू नये यासाठी शस्त्रक्रिया इतर उपायांपेक्षा सरस ठरते आणि तिला फिनॉलची जोड दिल्यास पुन्हा त्रास होण्याची शक्यता आणखी कमी होत असावी, असा त्याचा निष्कर्ष होता.

शस्त्रक्रिया हा शब्द मोठा आहे, काम लहान. बोटाच्या बुडाशी भुलीचे इंजेक्शन देतात आणि मूल त्याच दिवशी घरी जाते. सर्वात वाईट क्षण तो इंजेक्शनचाच. सुईआधी त्वचा बधिर करणारे मलम लावता येते का, हे आधी विचारून ठेवावे. त्याचा परिणाम व्हायला साधारण तासभर लागतो, त्यामुळे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. अगदी लहान किंवा फार घाबरलेल्या मुलासाठी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. मुलाला ‘काही टोचणार नाही’ असे खोटे सांगून नेऊ नये. एकदा टोचेल, मग बोट झोपी जाईल, हे खरे सांगितलेले मूल दुसऱ्या ड्रेसिंगला निमूट पाय पुढे करते.

घरी आल्यावर पहिला दिवस पाय उंच ठेवावा. फिनॉल लावल्यानंतर दोन ते चार आठवडे जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो. तो पू नव्हे, रसायनाने झालेल्या भाजण्याचा परिणाम असतो, आणि हे माहीत नसल्याने अनेक पालक घाबरून परत येतात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, स्राव घट्ट आणि दुर्गंधीयुक्त झाला, तर मात्र दाखवावे. शाळेत एक-दोन दिवसांत जाता येते, तेही चपलेत. वर्गशिक्षकांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी दिली की गणवेशाचा प्रश्न सुटतो. पोहणे आणि मैदानी खेळ जखम कोरडी होईपर्यंत बंद. पुन्हा मैदानावर पाठवण्याआधी जुने बूट एकदा त्या कागदी पावलाने मोजून घ्यावेत.